हत्तीरोगाचं रक्त रात्रीच का काढतात?

मातोळी_म्हापसा
घरामागं बांधकाम चाललंय. परवा रात्री १० वाजता आरोग्य खात्याचे दोघे कामगारांचं रक्त घ्यायला आले, आमच्याही दारात आले. बाबा (वय ६८) दार उघडेनात. "ह्या वेळी कोण रक्त काढतो? भामटे असतील." दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी स्वतःच एका खासगी लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आले. रिपोर्ट आला : मायक्रोफायलेरिया आढळले नाहीत. तो कागद आता फ्रिजवर चिकटवलाय. पण महिनाभर त्यांचा डावा पाय संध्याकाळी सुजतो. एवढा रिपोर्ट पुरे का?

जुनी_दुर्बीण
ते भामटे नव्हते, माझे भाऊबंद. ३१ वर्षं स्लाइडी बघितल्या, त्यातल्या कितीतरी अशाच शिव्या खाऊन गोळा केलेल्या. कुत्री अंगावर आली ती वेगळीच.

हत्तीरोगाचे मोठे जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाणीदार रस वाहून नेणाऱ्या नळ्यांत, राहतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री अंगभर फिरतात. साधारण १० ते २ ही त्यांची वेळ. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायचीही तीच. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यात हे चक्र उलटतं, ते वेगळं. तेव्हा सकाळचं तुमचं 'आढळले नाहीत' खोटं नाही, पण त्यावर निजू नका.

रात्री बोटातून ३ थेंब घेऊन जाड पसरायचे, वाळवायचे, मग पाण्यात धरून तांबडेपणा घालवायचा आणि रंगवायचं. जंताच्या जाती दोन : पिल्लाच्या शेपटीच्या टोकाला ठिपके नसले तर वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, दोन सुटे ठिपके दिसले तर ब्रुगिया. हे ओळखायला मला दोन पावसाळे लागले.

आता पायाचं. सूज जुनी झाली की रक्तात पिल्लं बहुतेक वेळा सापडतच नाहीत. शिवाय एकाच पायाला सूज म्हणजे शिरेतली गुठळीही असू शकते. रात्रीची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरला दाखवा.

लॅबवाली_वास्को
बँक्रॉफ्टीसाठी अँटिजेनची पट्टी पण असते. ती पिल्लं नाही, मोठ्या जंताचा अंश पकडते, त्यामुळं दिवसाही चालते. फक्त औषध घेतल्यावरही बरेच महिने पॉझिटिव्ह राहू शकते, घाबरायचं नाही.

पाटो_पूल
मलेरियाचं रक्त पण ताप चढल्यावरच द्यायचं ना? आमची आजी थंडी वाजेपर्यंत थांबवायची.

जुनी_दुर्बीण
आजीला नमस्कार, पण नको. कधीही द्या, लवकर द्या. निगेटिव्ह आलं आणि ताप उतरेना तर १२ ते २४ तासांनी परत.

मातोळी_म्हापसा
डॉक्टरनी पायाची सोनोग्राफी करायला लावली, गुठळी नाही. रात्रीच्या रक्ताला बाबा तयार झाले! पण विचारतात, उपाशी राहायचं का? ते साडेआठला जेवून ९ ला घोरतात.

जुनी_दुर्बीण
हुमण-भात पोटभर जेवू द्या. झोपले तरी चालतील, एक बोट तेवढं चादरीबाहेर ठेवा.