सोल-फा मागवायचाय: 2004 चा की 2016 चा?

बाळीवेस_बेसलाइन
एशियन कुंग-फू जनरेशन या जपानी रॉक बँडचा 'सोल-फा' अल्बम सीडीवर घ्यायचाय. दोन दिसतात: 2004 चा मूळ आणि 2016 ला अख्खा पुन्हा रेकॉर्ड केलेला. 2016 च्या महागड्या आवृत्तीत डीव्हीडी पण आहे. कुठला घ्यावा? डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालते का? त्याच पार्सलमध्ये अजून एखादी सीडी बसवायचीय. गोंगाट चालेल, संथ गाणी नकोत.

कडकभाकरी
2004 चाच घ्या की ओ. 2016 मध्ये वाजवणं सफाईदार आहे, दोन्ही गिटारी सुट्या ऐकू येतात, गायक गोतोचा गळाही मुरलाय. पण 'रीराइट' गाण्याची सगळी गंमत तो घसा फाटेस्तोवर ओरडतो त्यात आहे, मुरलेल्या गळ्याचं तिथं काम नाही. मूळ पाठ झाला की मग दुसरा ऐका.

'नारुतो' या ॲनिमे मालिकेतल्या 'हारुका कानाता' गाण्यासाठी घेत असाल तर थांबा, ते या अल्बमवर नाही. ते 2002 च्या 'होकाई ॲम्प्लिफायर' या मिनी-अल्बमवर आहे.

डीव्हीडी: डिस्कवर देशांप्रमाणे रिजनचं कुलूप असतं, जपान रिजन 2, आपण रिजन 5. साधा प्लेअर डिस्क नाकारतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हचं रिजन फक्त पाच वेळा बदलता येतं, पाचव्यांदा बदललं की तिथंच अडकतं. त्यामुळे 2016 चा घेतलाच तर साधी आवृत्ती घ्या, आतली गाणी तीच.

शेंगाचटणी_फझ
कडकभाकरींशी सहमत, पण नवी कशाला? जपानात नव्या सीडीची किंमत कंपनी ठरवते, दुकानं सहसा कमी करत नाहीत. अल्बम साधारण 3,000 येनला पडतो. जुनी, म्हणजे वापरलेली, त्याच्या कितीतरी खाली मिळते. केसच्या कडेची कागदी पट्टी, म्हणजे ओबी, नसेल तर आणखी स्वस्त. ऐकायलाच घेताय ना, मग ओबीचा हट्ट कशाला?

एक सांभाळा. 2002 ते 2004 च्या बऱ्याच जपानी डिस्कवर कॉपी-कंट्रोल, म्हणजे नक्कल रोखणारी सोय, होतं. त्यात मुद्दाम चुका पेरलेल्या असतात, म्हणून रिप करताना, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवताना, ड्राइव्ह अडखळतो आणि फाइलमध्ये टकटक येते. केसच्या मागच्या फोटोत नेहमीचा कॉम्पॅक्ट डिस्कचा लोगो आहे का ते बघा. नसेल तर विक्रेत्याला विचारूनच पैसे भरा.

रिप केल्यावर गाण्यांची नावं चौकटी-प्रश्नचिन्हं होऊन आली तर डिस्क खराब नाही. सीडी-टेक्स्ट, म्हणजे डिस्कवरची गाण्यांची नावं, शिफ्ट-जिस या जपानी अक्षरसंकेतात असतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या सॉफ्टवेअरनं नावांचे टॅग लावा.

जोडीला नंबर गर्ल या जपानी बँडचा 'स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल ॲडिक्ट', 1999.

कडकभाकरी
नंबर गर्ल बरोबर, अल्बम चुकला! 2000 चा 'साप्पुकेई' घ्या. निर्माता डेव्ह फ्रिडमननं ड्रम असे पुढं आणलेत की स्पीकरची जाळी थरथरते. 1999 चा कच्चा, त्यात तीव्र सूर कानात टोचतात. स्वस्त इअरफोनवर तर नकोच.

शेंगाचटणी_फझ
टोचायलाच पाहिजे ओ, टेलिकास्टर गिटार आहे ती!

बाळीवेस_बेसलाइन
बरं, 'साप्पुकेई'. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिळाली तर?

शेंगाचटणी_फझ
घ्या, पण एप्रिल-मे सोडून. सोलापूरच्या उन्हात बंद टेम्पोत दुपारभर पडलेली एलपी वाकते, मग सुई प्रत्येक फेरीला वर-खाली होते. सीडीला तेवढी भीती नाही. आणि कुरिअर केवायसी मागेल, आधार-पॅन तयार ठेवा. कस्टम ड्युटी वेगळी.