एकच फोन दोनदा दिसला म्हणजे कोणी घुसलंच असं नाही

ताई, राउटरला जोडलेल्या डिव्हाइसच्या लिस्टमध्ये तुमचा फोन दोनदा आणि खाली एक बिननावाचं डिव्हाइस, एवढ्यावरून शेजारचा मुलगा तुमचं वायफाय वापरतोय असा संशय नका घेऊ प्लीज. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा आपला खरा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर डिव्हाइस ओळखायचा नंबर) देतच नाही, प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनवून देतो, त्यामुळे तुमच्याकडे राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वायफायची नावं वेगळी असतील तर एकाच फोनचे दोन ॲड्रेस होतात आणि राउटरला ते दोन फोन वाटतात. ॲड्रेसमधलं दुसरं अक्षर बघा, २, ६, ए किंवा ई असेल (समजा डीए-ने सुरू होतोय) तर तो बहुतेक असा बनवलेलाच.

पण तो फोन तुमच्याच घरातला आहे हे त्यावरून कळत नाही हां. त्यासाठी एकेका फोनचं, टीव्हीचं वायफाय बंद करून लिस्ट रिफ्रेश करत जा, जी नोंद गायब होईल ती त्याचीच, फक्त जुनी नोंद कधीकधी थोडा वेळ तशीच राहते. एस्प्रेसिफ (चिप बनवणारी कंपनी) असं नाव दिसलं तर बहुतेक स्मार्ट बल्ब नाहीतर प्लग.

खरी काळजी पासवर्डची. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये भिंतीपलीकडे चार घरं, आणि कनेक्शन लावणारा मुलगा मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवून जातो, तो नंबर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे असतोच! आजच बदला, राउटरच्या ॲडमिनचाही बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. मॅक ब्लॉक करत बसू नका, घुसणारा ॲड्रेस बदलून परत येऊ शकतो.