शब्दचर्चा : कोडची ‘शैली’ की ‘वळण’?

विचारणा
सांगलीत आम्ही सातजण मिळून हळदीच्या सौद्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत लिहितोय. ज्याची त्याची लिहायची तऱ्हा वेगळी, म्हणून नियम ठरवायला बसलो आणि मथळ्यावरच अडलो. ‘कोड स्टाइल’ला ‘शैली’ म्हणावं का? आणि ‘रीडेबल’ला ‘वाचनीय’?

प्रतिसाद
‘शैली’ नको. शैली ज्याची त्याची असते, तुम्हाला तर सगळ्यांची एक हवी आहे. त्याला आपल्याकडे ‘वळण’ म्हणतात. अक्षराला वळण असतं, पोरांना वळण लावतात. गिरवून गिरवून ते अंगी बाणतं. पायथनचं वळण २००१ सालच्या ‘पेप ८’ या पायथनच्याच नियमपत्रात लिहून ठेवलंय : ओळ आत घ्यायला चार स्पेस, लांबी फार तर ७९ अक्षरं. शुद्धलेखनाचे १९६२चे नियमही असेच ठरवून घेतलेले. एकजण ऱ्हस्व, दुसरा दीर्घ लिहायला लागला की वाचणारा अडखळतो.

‘वाचनीय’ तर मुळीच नको. दिवाळी अंकातली कथा वाचनीय असते. तुमच्या मनात दोन वेगळे गुण आहेत, ‘सुवाच्य’ आणि ‘सुबोध’. ही ओळ पाहा :

क = ख - ग * घ

स्पेस जागच्या जागी, अगदी सुवाच्य. पण कळलं काय? आता ही :

निव्वळ = एकूण - पोती * बारदान

ही अडत्यालाही कळेल. (पायथन ३मध्ये नावं देवनागरीत चालतात, तेव्हा खुशाल लिहा.) सुवाच्य करायचं काम ‘ब्लॅक’सारखा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम) क्षणात उरकतो. सुबोध मात्र माणसांनीच करायचं असतं, म्हणून बैठकीचा वेळ नावांवर घालवा.

प्रतिसाद
‘इंडेंट’ला, म्हणजे ओळ आत घेण्याला, ‘समास’ चालेल का, दादा?

प्रतिसाद
मला पटत नाही. समास पानाच्या कडेला एकदाच सोडतात. इथं अटीच्या आत लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी), लूपच्या आत पुन्हा अट, अशा ओळी आत आत जातात. मी शिकवतो तिथली पोरं ‘पायरी’ म्हणतात : “ही ओळ एक पायरी आत घे.” हाच शब्द ठेवा. आणि पायरी टॅबची की स्पेसची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एका ब्लॉकमध्ये दोन्हींची सरमिसळ झाली की पायथन ३ अडून बसतो.

विचारणा करणारा
मथळा ‘आमचं वळण’ केला. पायरी चार स्पेसची, त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण ‘बारदान’ म्हणजे एका रिकाम्या पोत्याचं वजन की सगळ्या पोत्यांचं, यावर तासभर गेला. दोघांनी दोन अर्थ धरून कोड लिहिला होता. आता नाव ‘बारदान_दर_पोते’ आहे.