मदत हवी आहे: शाळेच्या टीव्हीवर व्हिडिओ चालत नाही (तातडीचं)

पाटीपेन्सिल: लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेतलाय. पेनड्राइव्ह लावला की ‘फाइल नॉट सपोर्टेड’. घरी लॅपटॉपवर नीट चालतो. परवा केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आमच्याच शाळेत, हातच्याची वजाबाकी दाखवायचीय. उपाय सांगा. ॲप सुचवू नका.

जुनाखडू: फाइलच्या नावाशेवटी काय आहे? इयत्ता? पट? नेट?

पाटीपेन्सिल: एमकेव्ही. तिसरी-चौथी एकत्र, २३ मुलं. नेट असतं तर पेनड्राइव्ह कशाला लावला असता?

गावकुस: दीक्षा ॲप घ्या. पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की झालं.

पाटीपेन्सिल: 🙏

तारायंत्र: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

जुनाखडू: अहो, टीव्हीला फाइल दिसतेय, उघडता येत नाहीये. फॉरमॅट मारून आहे तेही घालवाल. ताई, हँडब्रेक नावाचं फाइल बदलायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाइल एमपी४, व्हिडिओ एच.२६४ करून घ्या.

माळरान: टीव्ही राहू द्या जरा. ५२ वजा २७ चं उत्तर मुलं काय लिहितात?

पाटीपेन्सिल: निम्म्या वह्यांत ३५. माझ्या मोबाइलवर हाच व्हिडिओ तीनदा दाखवलाय!

माळरान: म्हणजे मोठ्यातून लहान वजा करतायत. ७ मधून २ गेले, उरले ५. चौथ्यांदा दाखवून तेच होणार. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, एवढंच मुलाच्या हातात द्या. सात सुट्या काड्या मागा. अडू द्या त्याला, तुम्ही बोलू नका. गठ्ठ्याचं रबर त्याचं त्यानं सोडलं पाहिजे. मग व्हिडिओ लावा, गठ्ठा सुटायच्या आधी थांबवा आणि विचारा, आता काय होईल? तोवर चौथीला तीन अंकी द्या.

नानामास्तर: खरं दुखणं वेगळंय. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं ‘वीस एक’ केलं तेव्हाच गणित बुडालं.

माळरान: ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणारं पोर तुमच्या वर्गात कधी आलंच नाही वाटतं.

नानामास्तर: आमच्या वेळी पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) तोंडपाठ होती.

जुनाखडू: यावर वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला.

पाटीपेन्सिल: एमपी४ केलं. चित्र आलं, आवाज नाही.

जुनाखडू: ऑडिओ एएसी ठेवलात का?

पाटीपेन्सिल: नव्हता, आता करते. दुपारी आवाजाविनाच लावला, काड्या आधी दिल्या होत्या. तिसरीतली एक पोर गठ्ठा हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत बसली, मग दातानं रबर ओढलं. उत्तर २५. बाकीच्यांचं उद्या बघते. रबरं मात्र सगळी मुलांच्या मनगटांवर घरी गेली.

गावकुस: टीव्ही कितीला पडला? आमच्याकडेही वर्गणी जमलीय.