संवेदी चेतापेशीतला कॅल्शियम प्रवाह: ब्रेक मोठा की चॅनल्सची संख्या?

गंडिका (धागाकर्ती)

वेदनेबद्दल बोलताना एक कथा हमखास येते. 1978 साली डनलॅप आणि फिशबाख यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या संवेदी चेतापेशींवर नॉरॲड्रेनॅलिन, गाबा, सेरोटोनिन ही चेतांची रासायनिक निरोप्ये सोडली आणि ॲक्शन पोटेन्शियलचा (पेशी पेटते तेव्हाच्या विद्युत-ठिणगीचा) कॅल्शियममुळे लांबलेला भाग आखडला. पुढे यंत्रणाही उलगडली: रिसेप्टरमुळे जी-प्रोटीन जागं होतं, त्याचा बीटा-गॅमा भाग एन-टाइप चॅनलला (कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराचा एक प्रकार) थेट चिकटतो आणि चॅनल उघडायला कां-कूं करू लागतं. हाच तो ब्रेक. शोध सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नियंत्रण म्हणजे तेवढंच, असं जे शिकवलं जातं ते मला खटकतं.

माझं म्हणणं असं की, जुनाट दुखण्यात खरा निकाल लागतो तो पेशीच्या मज्जारज्जूतल्या टोकापर्यंत, म्हणजे जिथून ती निरोपाचं रसायन (ट्रान्समीटर) सोडते तिथपर्यंत, चॅनल्स किती पोचली यावर. नस दुखावली की या पेशी अल्फा-टू-डेल्टा-वन नावाचं सहप्रोटीन कितीतरी जास्त बनवतात आणि ते ॲक्सॉनमधून (पेशीच्या लांब तारेतून) टोकाकडे जातं. चॅनल्स पेशीपटलावर पोचवणं हे त्याचं काम. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं चिकटतात ते नेमके यालाच. 2006 मध्ये उंदरात या प्रोटीनचं एकच अमिनो आम्ल बदललं (217 व्या जागी आर्जिनीनऐवजी ॲलॅनिन) आणि प्रीगॅबालिनचा वेदनाशामक परिणाम गेला. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय हवा?

मिलिव्होल्ट

सहमत नाही. पडद्यावर तो कॅल्शियम प्रवाह एकदा डोळ्यांनी पाहा, मग बोलू. 0 मिलिव्होल्टचा पल्स दिला की आत येणारा प्रवाह झपकन खाली उतरतो (आत येणारा प्रवाह आलेखात खालच्या बाजूला काढतात, म्हणजे खोल तितका मोठा). नॉरॲड्रेनॅलिन सोडा, तोच आलेख उथळ होतो आणि सावकाश उतरायला लागतो. आता चाचणीच्या आधी क्षणभर +80 मिलिव्होल्टचा झटका द्या: दबलेला प्रवाह बराचसा परत! बीटा-गॅमा सुटून गेलेलं असतं. म्हणजे हा ब्रेक नुसता लागत नाही, पेशी जोरात पेटली तर सुटतोही. सेकंदांचा मामला आहे. तुमचं प्रोटीन बनून टोकाशी पोचायला दिवस लागतात. मॉर्फीन मिनिटांत काम करतं, आणि त्याचा एक मोठा वाटा याच ब्रेकचा आहे.

गंडिका

मिलिव्होल्ट, तो आलेख मीही पाहिलाय. पण तो कुठला? एन्झाइमने सुट्या केलेल्या, ॲक्सॉन तुटलेल्या पेशीच्या गोल पोटाचा. त्यात प्रवाह मोठा दिसावा म्हणून कॅल्शियमऐवजी बेरियम, आणि पिपेटमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए. बेरियम घातलं की कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रोटीनमार्फत होणारं, कॅल्शियमनेच चॅनल बंद करण्याचं नियंत्रण जवळजवळ नाहीसं होतं. एक नियंत्रण आपण हाताने काढून टाकतो आणि मग उरलेल्याला "मुख्य" म्हणतो.

शंकेखोर

दोघांनाही विचारतो. नस दुखावल्यावर पेशीकायात (पेशीच्या त्या गोल पोटात) मोजलेला कॅल्शियम प्रवाह अनेक प्रयोगांत *कमी* झालेला दिसलाय, आणि तरी पेशी जास्त चिडखोर. कारण कॅल्शियमवर चालणाऱ्या पोटॅशियम चॅनल्सना (बीके, एसके) रसद मिळत नाही, मग पेशीला शांत कोण करणार? त्यामुळे कॅल्शियम जास्त तर दुखणं जास्त, हे समीकरणच लंगडं आहे.

आणि ताई, तो 2006 चा उंदीर एवढंच सांगतो की औषध तिथे चिकटतं. अल्फा-टू-डेल्टा-वन थ्रॉम्बोस्पॉन्डिन या दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं, ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरशी जोडी जमवतं, असेही पुरावे आहेत. गॅबापेंटिन पेशीवर ओतलं तर कॅल्शियम प्रवाह लगेच फारसा हलत नाही. प्राण्यांत मात्र ते तास-दोन तासांत परिणाम दाखवतं. तेवढ्यात टोकावरची चॅनल्स कितीशी घटणार?

केसपट

टी-टाइप या दुसऱ्या प्रकारच्या कॅल्शियम चॅनलला कुणी विचारतच नाही! त्यातलं सीएव्ही 3.2 साधारण -60 मिलिव्होल्टच्या आसपासच उघडू लागतं, म्हणजे पेशी पेटायची की नाही हे ठरतं तिथेच. नस दुखावली की यूएसपी5 हे एन्झाइम वाढतं, चॅनलवरचं युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) काढून टाकतं, आणि मोडीत निघायचं चॅनल पटलावर टिकून राहतं. म्हणजे संख्येचाच खेळ, ताईंच्या बाजूने एक मत. मात्र हेच चॅनल केसांच्या हलक्या स्पर्शाला टिपणाऱ्या डी-हेअर पेशींतही भरपूर असतं, त्यामुळे सरसकट बंद करायला जाल तर स्पर्शही बिघडेल.

साधा_वाचक

मग एवढी भानगड कशाला? एन-टाइप सरळ बंदच करून टाका.

मिलिव्होल्ट

केलंय की. झिकोनोटाइड. कोनस मॅगस या शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं, 25 अमिनो आम्लांचं, अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर. पंप बसवून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, आणि गोंधळ, भास यांसारखे दुष्परिणाम चटकन येतात. ते पेशी शांत आहे की पेटलेली, हे न बघता चॅनल अडवतं. ब्रेकला ते कळतं, म्हणून तर मी ब्रेकच्या बाजूने आहे.

हिशेबच हवा असेल तर हा घ्या. 1967 साली डॉज आणि रहमिमॉफ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर दाखवलं की ट्रान्समीटरचं सुटणं कॅल्शियमच्या जवळपास चौथ्या घाताने वाढतं. ब्रेकने आत येणारं कॅल्शियम निम्मं केलं तर सुटणं सोळाव्या हिश्शावर. आता बोला.

गंडिका

बोलते. तोच घात माझ्याही कामाचा. चॅनल्स फक्त 25 टक्क्यांनी वाढली, तर 1.25 चा चौथा घात सुमारे 2.4. ब्रेकला हात न लावता सुटणं दुपटीच्या वर. शंकेखोर, पेशीकायात प्रवाह घटतो आणि टोकावर चॅनल्स वाढतात, यात विरोध नाहीच. पेशीकायातून ट्रान्समीटर मज्जारज्जूत सुटत नाही. तास-दोन तासांचा मुद्दा मात्र टोचतो. त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

शंकेखोर

टोचू द्या, अजून एक देतो. तो चौथा घात दोघांनी सारख्याच उत्साहाने वापरलात. बेडकावर त्यांनी *बाहेरचं* कॅल्शियम बदललं, म्हणजे प्रत्येक उघड्या चॅनलमधून येणारा ओघ बदलला. चॅनल्सची संख्या बदलणं ही वेगळी गोष्ट. बऱ्याच चॅनल्सचं कॅल्शियम एकत्र साठून पुटिका (ट्रान्समीटरची पिशवी) फुटत असेल तरच घात लागू. प्रत्येक पुटिकेला शेजारचं एकच चॅनल पुरत असेल तर हिशेब सरळ रेषेत: 25 टक्के जास्त म्हणजे फार तर 25 टक्के जास्त. आणि मिलिव्होल्ट, तुमचा ब्रेकही चॅनल अरुंद करत नाही, उघडायला उशीर लावतो. तेव्हा अशा रचनेत तुमचं सुटणंही सोळाव्या हिश्शावर न जाता फक्त निम्मं होतं. वेदनेच्या पेशीच्या टोकाला यातली कुठली रचना आहे ते आधी सांगा, मग संख्या आणि ब्रेक यांची कुस्ती लावू.

मिलिव्होल्ट

त्या टोकाचा व्यास मायक्रोमीटरच्या घरात. पिपेट लावून दाखवा, मी रचना सांगतो.