नर्सिंग स्टाफला आपत्तीसाठी तयार करायचंय, सुरुवात कुठून करू? (नागपूर)

नाईट_ड्यूटी: नमस्कार. मी एका खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा ड्यूटीवर होते. जनरेटर तळमजल्यावर, पाण्यात. व्हेंटिलेटरची बॅटरी संपली आणि एका आजोबांना आम्ही दोघी आळीपाळीने अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) देत बसलो. दर सहा सेकंदांनी एक दाब. सोबतची मुलगी रडत होती, पण तिचा हात थांबला नाही. आजोबा वाचले. पण दुसऱ्या ऑक्सिजन सिलेंडरची चावी कुठे आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. ते अजून टोचतं. आता २२ जणींची तयारी माझ्याकडे आलीय. पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय, हाताला सवय नाही.

जुनी_कॅज्युअल्टी: ताई, त्या चावीपासूनच सुरू करा. सिलेंडरलाच साखळीने बांधून टाका. मग ट्रायेज, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते रंगाने ठरवणं. लेक्चर नको, स्टाफच्याच मुलींना पेशंट करा, गळ्यात चिठ्ठ्या अडकवा. चालतो तो हिरवा. श्वास मिनिटाला ३०च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही किंवा सांगितलेलं कळत नाही, तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा, म्हणजे आशा नाही. उरलेले पिवळे. काळी चिठ्ठी लावताना नव्या मुलींचे हात थरथरतात. रोज सीपीआर देणारी माणसं आपण, हे जड जाणारच. म्हणून तर आधी करून बघायचं. आणि ड्रिल रात्री दोनला घ्या. दुपारी सगळे डॉक्टर हजर असताना घेतलेलं ड्रिल मी धरतच नाही.

भंडारा_रोड: ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही वॉर्डात पाय ठेवला की आधी बाहेर पडायची दुसरी वाट बघते. उठता न येणाऱ्या पेशंटला चादरीत गुंडाळून, डोक्याच्या बाजूने, खाली वाकून ओढायचं. हे एकमेकींवर करून बघा. मामा-मावशींनाही (वॉर्डातल्या मदतनीसांनाही) घ्या, ऐन वेळी ओढायला तेच असतात. एनडीआरएफ अकादमी (आधीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय) आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, दोन्ही आपल्या नागपुरातच आहेत. मेट्रन मॅडमच्या सहीचं पत्र घेऊन जा नं विचारायला.

नाईट_ड्यूटी: आत्ताच जाऊन बघितलं. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप आहे, चावी सिक्युरिटीकडे. उद्या सकाळी आधी ते.