‘रिकव्हरी’ला मराठीत काय म्हणावं? (खाण्याच्या आजारासंदर्भात)

मिरजकरीण: आधी एनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळणं), मग बुलिमिया (भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलट्या वगैरे करणं), असा माझा प्रवास. आता चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवानं काय केलं तो अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा. ‘रिकव्हरी’ म्हणावं तर सांगली जिल्ह्यात निम्म्यांना साखर कारखाना (उसातून किती साखर निघाली ती ‘रिकव्हरी’) आठवतो, उरलेल्यांना पतसंस्थेची वसुली. ‘प्रभूने मला बरं केलं’ म्हटलं की विषय मिटतो. माझा मिटलेला नाही. जेवणाचा तक्ता आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे. शब्द सुचवा.

तासगावकर: ‘उतार पडणे’. तापाला उतार पडला म्हणजे ताप गेला असं नव्हे, कमी होऊ लागला. शिवाय साखरेचा उतारा, शास्त्रातला (बायबलमधला) उतारा, विषावरचा उतारा, सगळी भावंडंच.

शब्दवेडा: एनोरेक्सियाला ‘अन्नावरची वासना उडणे’ आहेच की.

आहारतज्ज्ञ_सांगली: तिथंच गफलत होते. नावाचा ग्रीक अर्थ ‘भूक नसणे’ खरा, पण विल्यम गल यांनी १८७३ साली वापरलेलं ते नावच दिशाभूल करतं. भूक असते, वजन वाढण्याची भीती तिच्यावर बसलेली असते. तापात वासना उडते, ती वेगळी.
आणखी एक खटकणारा शब्द ‘पथ्य’. घरचे तक्त्याला पथ्य म्हणतात, आणि पेशंटच्या डोक्यात ‘काय वर्ज्य?’ सुरू होतं. खरं तर इथं उलट असतं, काहीही वर्ज्य न मानता वेळेवर खायचं. मी नुसतं ‘खाण्याच्या वेळा’ म्हणते.

मिरजकरीण: अगदी! आणि ‘तब्येत सुधारली की तुझी’. चर्चच्या दारात मावशी प्रेमानं म्हणतात. म्हणजे जाड झालीस. त्या दिवशीचं दुपारचं जेवण अवघड जातं.

वसईचा_सध्या_साताऱ्यात: उपासाचं काय करता? आमच्या कॅथलिकांत उपासाचे दिवस दोन, भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), वय १८ ते ५९, आजाऱ्याला सूट. नियम लिहिलेला असल्यानं वाद नाही.

मिरजकरीण: आमच्याकडे उपास-प्रार्थना असते. नियम नाही, म्हणून सूट कुणाकडे मागायची हेही ठरलेलं नाही! माझा आजार तर उपासाच्या आडच वाढला. जेवण टाळायचे आणि लोक भक्ती म्हणायचे. आता मी ईस्टरआधीच्या उपासकाळात चाळीस दिवस जेवणाऐवजी वजनकाटा सोडते. बायबलमधला यशया ५८ वाचा, तिथला उपास भुकेल्याला आपली भाकर वाटण्याचा आहे.

आहारतज्ज्ञ_सांगली: वैद्यकीय बाजूही सांगा मंडळीत. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यात श्रद्धा कमी पडल्याचा प्रश्नच नाही.

शब्दवेडा: ‘वासना’ मागे घेतो. ‘सावरणे’ कसं वाटतं? पडलेला माणूस सावरतो, तोल जाणाराही सावरतो. ‘सावरतेय’ म्हटलं की पुन्हा तोल जाण्याची शक्यता नाकारली जात नाही.

मिरजकरीण: हेच हवं होतं. ‘आजाराला उतार पडलाय, प्रभूच्या आधारानं मी सावरतेय’ असं लिहिलं. एका वडीलधाऱ्यांनी विचारलंच, ‘म्हणजे झाली नाहीस बरी?’ म्हटलं, प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर ‘रोजची’च मागतो, वर्षाची एकदम नाही. हसले.

वसईचा_सध्या_साताऱ्यात: आणि उपास-प्रार्थनेचं आमंत्रण आलं तर?

मिरजकरीण: प्रार्थनेला जाते, डबा घेऊन. विचारलं तर ‘औषध चालू आहे’. आपल्याकडे त्यापुढे कुणी विचारत नाही.

तासगावकर: विचारतात. ‘कुठल्या डॉक्टरचं?’